सुई घरपोच, जबाबदारी कुणाची?

लालबागच्या चिवडा गल्लीतून फराळ नेणाऱ्या काही घरांच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी, एक नवी वस्तू आली आहे: वजन उतरवायचं इंजेक्शन. आठवड्यातून एकदा, पोटाला किंवा मांडीला, स्वतःच टोचून घ्यायचं. एली लिली कंपनीचं ‘माउंजारो’ 20 मार्च 2025 रोजी भारतात विक्रीला आलं आणि नोवो नॉर्डिस्कचं ‘वेगोवी’ 24 जूनला. एवढ्या थोड्या दिवसांत ही दोन्ही नावं शिवाजी पार्कच्या सकाळच्या फेऱ्यांत आणि गिरगावातल्या लग्नाच्या पंगतींत रुळली. गंमत अशी, की ‘हे मी घ्यावं का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कुठून मागवू? कुठल्या अ‍ॅपवर स्वस्त पडेल?’ हा पुढे आला.

या पुढे आलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधू लागलं की एक गोष्ट ध्यानात येते. पडद्यावर अ‍ॅप एकच दिसतं, पण त्याच्या मागे तीन वेगळी कामं असतात. रुग्णाला तपासून चिठ्ठी देणं हे एक, ती चिठ्ठी पाहून खरं आणि थंड ठेवलेलं औषध देणं हे दुसरं, आणि पुढचे कित्येक महिने त्या माणसावर लक्ष ठेवणं हे तिसरं. अ‍ॅपची निवड म्हणजे खरं तर या तीन माणसांची निवड. त्यांतला एक जरी गायब असला, तरी सवलत कितीही मोठी असो, सौदा तोट्याचा.

गोळ्यांचा जुना अनुभव

बारीक होण्याचे उपाय मुंबईला नवे नाहीत. 2017 साली चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात इजिप्तहून इमान अहमद या सुमारे पाचशे किलो वजनाच्या बाईंना खास विमानाने आणलं गेलं, तेव्हा वर्तमानपत्रं त्यांच्या वजनाचे आकडे छापत होती आणि बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याची, शस्त्रक्रिया हा शब्द चाळीचाळींत पोचला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ‘दिवसातून दोनदाच जेवा’ घराघरांत गेलं. राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचे ते सदिच्छादूतही झाले. ऋजुता दिवेकरांनी तूप-भाताला पुन्हा ताटात मान दिला. हे उपाय पटोत न पटोत, त्यांत दुकानातून विकत आणायचं असं काही नव्हतं.

औषधांचा इतिहास मात्र जपून वाचावा असा आहे. वजन कमी करण्यासाठी विकलं जाणारं रिमोनाबंट भारतात 2009 साली बंद झालं, कारण त्यानं मानसिक त्रास वाढण्याचा धोका दिसला. सिब्युट्रामीन 2011 साली बंद झालं, ते हृदयाच्या धोक्यामुळे. दोन्ही औषधं रीतसर परवानगी घेऊनच बाजारात आली होती.

नवी औषधं त्या जातीची नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक स्रवतं. ते मेंदूला ‘पोट भरलं’ असं सांगतं आणि जठर सावकाश रिकामं होऊ देतं. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करतं. माउंजारोतलं टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही नक्कल करतं. 1,961 जणांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्क्यांनी उतरलं, औषधाविना नुसती सुई टोचलेल्यांचं 2.4 टक्क्यांनी. टिर्झेपाटाइडच्या 2,539 जणांच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर 72 आठवड्यांत सुमारे 21 टक्के वजन घटलं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 17,604 जणांच्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या लोकांत सेमाग्लुटाइडनं हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी कमी केले. आजवरच्या कुठल्याही ‘फॅट बर्नर’ला असे आकडे दाखवता आलेले नाहीत.

पण जाहिरातीत न येणारा आकडाही त्याच संशोधनातला आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे हा लग्नसराईपुरता तीन महिन्यांचा कोर्स नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखा दीर्घ पल्ल्याचा उपचार आहे, आणि म्हणून तो कुणाच्या देखरेखीखाली घ्यायचा हा प्रश्न भावापेक्षा मोठा आहे.

पंचविसाचा आकडा आणि सत्ताविसाचा

घ्यावं की नाही याचा पहिला निकष बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पण आपल्याकडे हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, आणि ते जगाला दाखवून दिलं एका मराठी डॉक्टरांनी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं उदाहरण छापलं. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या पोटात चरबी आणि रक्तात साखर असू शकते, हे त्यांचं सांगणं. म्हणूनच भारतीय तज्ज्ञ 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 च्या पुढे स्थूलता मानतात. पुरुषांच्या कमरेची मर्यादा 90 सेंटिमीटर आणि बायकांची 80.

औषधाच्या परवान्यातली मर्यादा मात्र वेगळी आहे. बीएमआय 30 किंवा त्याहून जास्त असावा. नाहीतर 27 किंवा त्याहून जास्त, आणि सोबत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल असा वजनाशी जोडलेला एखादा तरी आजार. समजा, पाच फूट दोन इंचांच्या, म्हणजे 158 सेंटिमीटर उंचीच्या एखाद्या बाईंचं वजन 74 किलो आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. बीएमआय 29.6 येतो, त्या परवान्यात बसतात. तेवढ्याच उंचीच्या त्यांच्या जावेचं वजन 64 किलो असेल तर बीएमआय 25.6. भारतीय मोजमापानं ती स्थूल ठरते, पण परवान्यात बसत नाही. तिच्यासाठी आधी आहार, व्यायाम, थायरॉइडची तपासणी, रात्रीची झोप हे सगळं पाहायला हवं.

ऑनलाइन विक्रीचा कस लागतो तो या जावेपाशी. अर्जात वजनाच्या रकान्यात 64 ऐवजी 69 लिहिलं की आकडा 27 च्या पुढे जातो. रक्तदाबाच्या चौकटीत खूण केली की काम फत्ते. वजनकाट्यावर उभं करणारं समोर कुणी नसेल, तर पाच किलो खोटे बोलायला पाच सेकंदही लागत नाहीत.

कायदा 1940 चा, दुकान मोबाइलमधलं

भारतात ‘ऑनलाइन औषधविक्रेता’ असा वेगळा परवानाच नाही. औषधं विकायची तर 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 1945 चे नियम लागू होतात. दुकानाला परवाना हवा, काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा, आणि चिठ्ठीशिवाय न द्यायची औषधं त्याच्या देखरेखीखालीच दिली जायला हवीत. केंद्र सरकारनं ई-फार्मसीसाठी नियमांचा मसुदा 28 ऑगस्ट 2018 रोजी काढला. महिनाभरानं, 28 सप्टेंबरला, देशभरातल्या औषध दुकानदारांनी त्याविरुद्ध बंद पाळला. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं परवान्याविना चालणाऱ्या ऑनलाइन विक्रीला मनाई केली. फेब्रुवारी 2023 मध्ये औषध महानियंत्रकांनी बड्या ऑनलाइन कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा धाडल्या. आणि मसुदा? तो अजून मसुदाच आहे.

घरपोच औषधांचा खरा आधार करोनाकाळातला आहे. 26 मार्च 2020 च्या केंद्रीय अधिसूचनेनं परवानाधारक किरकोळ दुकानाला औषध घरी पोचवण्याची मुभा दिली. तिच्यात मुंबईकरानं लक्ष द्यावं अशी एक अट आहे: रुग्ण आणि दुकान एकाच महसुली जिल्ह्यात हवेत. गिरगाव, लालबाग, परळ, दादर ही सगळी मुंबई शहर जिल्ह्यात मोडतात. वांद्र्यापासून उपनगर जिल्हा सुरू होतो, आणि गोदामांसाठी प्रसिद्ध असलेली भिवंडी तर ठाणे जिल्ह्यात. शिवाय दीर्घ आजाराची चिठ्ठी लिहून झाल्यापासून 30 दिवसांच्या आत दुकानात यायला हवी, असंही तिच्यात म्हटलं आहे. आता आपल्या मोबाइलवर आलेलं शेवटचं औषधाचं बिल उघडा आणि त्यावर विक्रेत्या दुकानाचा पत्ता कुठला आहे ते पाहा.

औषध दुकानदारांची अखिल भारतीय संघटना आणि तिचे अध्यक्ष जगन्नाथ शिंदे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की ऑनलाइन विक्रीत चिठ्ठीची तपासणी नावापुरती होते. या तक्रारीत त्यांचा धंद्याचा हितसंबंध आहे, आणि चिठ्ठी न पाहता अँटिबायोटिकची पट्टी पुढे सरकवणारी मेडिकल आपल्या नाक्यांवरही आहेत. तरी एक फरक उरतो. नाक्यावरच्या दुकानाचा परवाना भिंतीवर टांगलेला असतो आणि माणूस गल्ल्यावर बसलेला असतो. अ‍ॅप म्हणतं, आम्ही फक्त जोडून देतो. विकणारा वेगळा, चिठ्ठी देणारा वेगळा, पोचवणारा वेगळा. काही बिघडलं तर कुणाची कॉलर धरायची, हे शोधण्यातच महिना जातो.

आधी औषध, मग डॉक्टर

ऑनलाइन खरेदीत क्रम उलटा होतो. आधी औषध टोपलीत टाकायचं. चिठ्ठी नसेल तर ‘आमचे डॉक्टर फोन करतील’ हा पर्याय निवडायचा. फोन येतो, चार प्रश्न होतात, चिठ्ठी तयार. औषध ठरल्यावर भेटणारा डॉक्टर नकार किती वेळा देईल?

दूरस्थ उपचाराचे केंद्रीय नियम, टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना, 25 मार्च 2020 रोजी आल्या आणि त्या बऱ्याच सुस्पष्ट आहेत. डॉक्टरनं रुग्णाची ओळख आणि वय पडताळायचं. चिठ्ठीवर स्वतःचा नोंदणी क्रमांक घालायचा. नोंदी जपून ठेवायच्या. फोनवरून भागणार नाही असं वाटलं तर प्रत्यक्ष बोलवायचं. कुठली औषधं व्हिडिओवर पहिल्या भेटीत देता येतात आणि कुठली फक्त पुढच्या भेटींत, याच्या याद्या ठरलेल्या आहेत. डॉक्टरांची नोंदणी खरी आहे याची खातरजमा करणं ही कंपनीची जबाबदारी आहे. आणि यंत्रानं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेनं, रुग्णाला सल्ला किंवा औषध द्यायचं नाही. त्यामुळे नुसती प्रश्नावली भरून आपोआप बाहेर पडणारी चिठ्ठी या नियमांत बसत नाही.

नोंदणी क्रमांक तपासणं अवघड नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं कार्यालय चिंचपोकळीला, साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड नाक्याजवळ आहे. परळ-लालबागकरांना ते चालत जाण्याजोगं. तेवढी पायपीटही नको असेल तर कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव घालून डॉक्टरची नोंदणी आणि पदवी पाहता येते. परराज्यातला डॉक्टर असला तर त्याच्या राज्याच्या कौन्सिलकडे. चिठ्ठीवर क्रमांकच नसेल तर शोध तिथेच संपला.

डॉक्टरनं नेमकं काय विचारायला हवं? घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला आहे का? असेल तर ही औषधं वर्ज्य. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का? बाळाचा विचार आहे का? सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि मात्रा वाढवताना त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर त्यांची मात्रा बदलावी लागते. येत्या महिन्यात एखादं ऑपरेशन आहे का? जठर सावकाश रिकामं होत असल्यानं भूल देणाऱ्या डॉक्टरला हे कळायलाच हवं. एवढं सगळं चार मिनिटांच्या फोनमध्ये होत नाही.

आणि चिठ्ठी मिळाली की काम संपत नाही. वेगोवी 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी चढवत 2.4 पर्यंत न्यायचं असतं. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास बहुधा या चढणीवरच होतात. मात्रा वाढवायची, तिथेच थांबवायची की उतरवायची, हा निर्णय दर महिन्याला माणूस पाहून घ्यायचा असतो. भूक मेल्यावर ताटातलं वरण-उसळ-अंडंही सुटतं आणि चरबीबरोबर स्नायू झिजतात. म्हणून प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम हा उपचाराचाच भाग. सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतलं आणि मात्रा आपोआप चढत गेली, तर तो उपचार नव्हे, वर्गणी.

भाव, बर्फ आणि बनावट माल

आता पैशांचं. माउंजारो आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना होती आणि 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपयांना. आठवड्याला एक. पहिले चार आठवडे लहान मात्रा आणि मग वर्षभर पाचवरच थांबायचं म्हटलं, तरी 52 आठवड्यांचे 2,24,000 रुपये होतात. वेगोवी महिन्याला 17,345 पासून सर्वांत मोठ्या मात्रेसाठी 26,015 रुपयांपर्यंत होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आल्यानं थोडा दिलासा आहे. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचं, त्यानंतर देशी कंपन्यांना आपापला माल आणायला वाट मोकळी. मुंबईच्या ग्लेनमार्कनं याच कुळातल्या लिराग्लुटाइडची मधुमेहासाठीची देशी आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये रोज सुमारे शंभर रुपयांत आणून दाखवली. देशी माल आला की भाव उतरतात. आणि भाव उतरले की विकणाऱ्या अ‍ॅपांची गर्दी वाढते.

म्हणून मालाची पारख आत्ताच शिकून घ्यायला हवी. ही औषधं वापरायला काढेपर्यंत 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवीत. एकदा गोठलेलं पेन, म्हणजे औषध भरलेली पेनासारखी सुई, वाया गेलं. उघडल्यावर 30 अंशांच्या आत माउंजारोचं पेन 30 दिवस आणि वेगोवीचं सहा आठवडे चालतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन तास फिरलेलं पेन बाहेरून ताजंच दिसतं. बर्फाच्या पॅकसकट, बंद थर्मल डब्यात, ठरलेल्या वेळी औषध न आल्यास परत पाठवण्याची सोय आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. चाळीतल्या लहान फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवू नका. आणि पेन दोघांत वाटून घेऊ नका, सुई बदलली तरी नाही.

बनावट मालाची भीती काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2024 मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या नकली ओझेम्पिकबद्दल, म्हणजे मधुमेहासाठीच्या सेमाग्लुटाइडबद्दल, जगाला इशारा दिला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवा बाजारातला घाऊक व्यापारी असो की व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दुबईचा माल’ देणारा ओळखीचा, बॅच क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल नाही तर व्यवहार नाही. शंका आली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365 हा टोल फ्री क्रमांक आहे.

जाहिरात करतो तोच संशयित

विक्रेता ओळखण्याची एक सोपी खूण आपल्या कायद्यातच आहे. 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात लोकांत करता येत नाही, त्यांत स्थूलतेचं नाव आहे. ‘पंधरा किलो उतरवा’ असं औषधाचं नाव घेऊन सांगणारी रील दिसली, तर ती करणाऱ्यानं कायद्याची पहिलीच पायरी चुकवली आहे. तो पुढच्या पायऱ्या पाळेल असं का समजायचं?

इतर देश ऑनलाइन विक्रीच्या वाटेनं पुढे जाऊन ठेचकाळले आहेत. ब्रिटनच्या औषधालय नियामकानं फेब्रुवारी 2025 मध्ये ऑनलाइन दुकानांना बजावलं, की वजनाची औषधं नुसत्या प्रश्नावलीवर देता येणार नाहीत. वजन, उंची स्वतंत्रपणे पडताळायला हवी. अमेरिकेत या औषधांच्या टंचाईच्या काळात औषधं मिसळून बनवणाऱ्या फार्मसींना सेमाग्लुटाइडच्या नकला करायची मुभा होती, आणि ऑनलाइन कंपन्यांनी त्यावर मोठा धंदा उभारला. टंचाई संपल्याचं जाहीर झाल्यावर ती मुभा गेली आणि रुग्णांना नवे विक्रेते शोधावे लागले. आपल्याकडे पुण्याच्या ‘फिटर’ या फिटनेस कंपनीचे संस्थापक जितेंद्र चौकसे या औषधांच्या वापराबाबत दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जुलै 2025 मध्ये न्यायालयानं औषध महानियंत्रकांना तज्ज्ञांशी बोलून तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. ज्यांचा धंदा व्यायामावर चालतो त्यांनी इंजेक्शनाला विरोध करावा यात आश्चर्य नाही. पण देखरेखीबद्दलचा त्यांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

मग कुणाकडून घ्यावं?

दक्षिण-मध्य मुंबईत राहणाऱ्या माणसाला एक भाग्य लाभलं आहे, जे गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला नाही. परळला केईएम हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे एंडोक्रायनॉलॉजीचा, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांचा, स्वतंत्र विभाग आहे. मुंबई सेंट्रलला नायर आहे. गिरगाव-दादरच्या गल्ल्यांत एमडी डॉक्टरांच्या पाट्या आहेत. जिथे तज्ज्ञ पाच स्टेशनांवर आहे, तिथे पहिल्याच चिठ्ठीसाठी अनोळखी फोनवर विसंबण्याला कारण नाही. ऑनलाइन सल्ल्याचा खरा उपयोग ज्यांना डॉक्टरच मिळत नाही त्यांना, किंवा ओळखीच्या डॉक्टरशी दर महिन्याला बोलण्यासाठी.

तेव्हा माझा निवाडा असा. पहिली चिठ्ठी समोरासमोर घ्या, वजनकाट्यावर उभं राहून, रक्तदाब मोजून, एचबीएवनसी (रक्तातली सरासरी साखर), यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या करून. त्यानंतरची औषधं हवी तर घरपोच मागवा, पण परवाना क्रमांक, दुकानाचा पत्ता आणि बॅच क्रमांक बिलावर असेल तिथूनच, शक्यतो आपल्याच जिल्ह्यातल्या दुकानातून. कुठल्याही अ‍ॅपला पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा: चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक काय? पुढच्या महिन्यात तोच डॉक्टर भेटेल का? रात्री उलट्या थांबल्या नाहीत तर फोन कोण उचलेल? औषध गरम आलं तर पैसे परत मिळतील का? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: गेल्या महिन्यात तुम्ही किती जणांना ‘हे औषध तुमच्यासाठी नाही’ म्हणून परत पाठवलं? ज्या विक्रेत्याला या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून वजनाचं औषध घेऊ नका, भाव कितीही कमी असला तरी.